अमेरिकेचा चार्जर आपल्याकडे का जळतो? उत्तर एडिसनच्या आयुष्यात आहे

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो, गावाचं नाव एडिसन. गेल्या दिवाळीला येताना दादाने माझ्यासाठी ट्रिमर आणला. चार्जरला दोन चपट्या पिना होत्या, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर पिन आणली आणि बटण दाबलं. आधी घुरघुर झाली, मग जळका वास आला. दोन मिनिटांत खेळ खल्लास! चार्जरवरची बारीक अक्षरं मी त्यानंतर वाचली: इनपुट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असतात. कन्व्हर्टर पिन फक्त पिनांचा आकार जुळवते, व्होल्टेजला हातही लावत नाही.

मग हे १२० आलं कुठून, ते शोधायला बसलो आणि पोचलो थेट थॉमस अल्वा एडिसनपाशी. दादाच्या गावाला १९५४ मध्ये त्याचंच नाव दिलं, कारण त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तिथेच होती.

एडिसनचा जन्म १८४७ चा, ओहायो राज्यातला. शाळा जेमतेम काही महिने, बाकी सगळं आईने शिकवलं. लहानपणापासून ऐकू कमी यायचं. पोरवयातच तो रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायचा, पुढे तार ऑपरेटर झाला. १८७७ मध्ये फोनोग्राफ काढला आणि तो जगभर गाजला.

आपल्या कामाचा भाग १८७९ पासून सुरू होतो. विजेचा दिवा एकट्या एडिसननेच शोधला असं नाही, इंग्लंडमध्ये स्वानही त्यामागे होता. पण एडिसनने हिशोब वेगळा मांडला. त्याला नुसता दिवा नाही, अख्ख्या वस्तीला वीज विकायची होती, आणि त्यात मोठा खर्च तांब्याच्या तारांचा. व्होल्टेज जास्त ठेवलं तर तेवढ्याच उजेडाला करंट कमी लागतो आणि तारा बारीक चालतात. पण कार्बनची नाजूक फिलामेंट फार व्होल्टेज सोसेना. या ओढाताणीत आकडा १०० च्या आसपास थांबला. तारांमध्ये थोडं व्होल्टेज वाया जाणार, म्हणून वीजघरातून ११० सोडायचं. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट वीजघर सुरू झालं, त्याच हिशोबाने.

त्याची वीज डीसी होती, आणि ती जेमतेम मैलभर लांब पोचायची. वेस्टिंगहाउस एसी घेऊन आला, त्याच्यासोबत टेस्लाची पेटंटं. एसीचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने वाढवता-कमी करता येतं, त्यामुळे ती लांब नेणं सोपं. एडिसनने एसी किती घातक आहे याचा मोठा प्रचार चालवला. त्या काळात जनावरांना एसीचे झटके देऊन मारायचे जाहीर प्रयोगही झाले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात वाईट काळ. शेवटी तो हरलाच. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसरीत मिसळून जनरल इलेक्ट्रिक झाली आणि त्याचं नावही गळलं. पण लोकांच्या घरातले दिवे ११० चे होते, म्हणून एसीही घरात शिरताना ११० वरच उतरली. तेच वाढत वाढत आज १२० झालंय.

युरोपने वेगळी वाट धरली. १९ व्या शतकाच्या शेवटी जास्त व्होल्टेज सोसणारे दिवे आले, आणि बर्लिनच्या वीज कंपनीने २२० व्होल्ट घेतले. त्याच तारांमधून जास्त घरांना वीज देता आली. आपल्याकडे वीज ब्रिटिशांच्या काळात आली, म्हणून आपण २३० वाले आणि आपल्या पिना गोल. चपट्या पिनांचं मूळही दिव्यातच आहे. सुरुवातीला अमेरिकेत उपकरणं दिव्याच्या होल्डरमध्येच फिरवून बसवायचे. १९०४ मध्ये हार्वी हबेलने ओढून काढता येणारा प्लग पेटंट केला, आणि चपट्या पात्यांचा प्लग पुढे त्यातूनच आला.

एडिसन १९३१ मध्ये गेला, नावावर १,०९३ अमेरिकन पेटंटं ठेवून. न्यूयॉर्कमधला डीसीचा शेवटचा पुरवठा मात्र थेट २००७ मध्ये बंद झाला.

आता तुमच्या चार्जरचं. त्यावर इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलं असेल तर फक्त पिन बदला आणि बिनधास्त लावा. फोन आणि लॅपटॉपचे बहुतेक चार्जर असेच असतात, कारण त्यांच्या आतलं सर्किट आलेल्या व्होल्टेजप्रमाणे स्वतःला जुळवून घेतं. नुसतं १२० लिहिलं असेल तर हात आवरा. हेअर स्ट्रेटनर किंवा ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूत २३० व्होल्टवर साडेतीनपटीहून जास्त उष्णता तयार होते. त्यांना स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही उपकरणाच्या वॅटपेक्षा मोठा. १,५०० वॅटच्या ड्रायरसाठी घ्यायला गेलात तर तो इतका जड आणि महाग पडतो, की इथलाच नवा ड्रायर घेणं स्वस्त. दादाला मी आता निघायच्या आधी लेबलचा फोटो पाठवायला सांगतो.