रुडॉल्फ डिझेल आणि पाईपातली हवा

मेकॅनिकलचा मुलगा सुट्टीत घरी गेला की गावातली प्रत्येक बंद पडलेली वस्तू त्याच्यासमोर आणून ठेवतात. मिक्सर, मोटारपंप, कुणाची बाईक. मागच्या मे महिन्यात माझ्यासमोर थेट ट्रक आला.

माझं आजोळ थळचं. अलिबागच्या उत्तरेला, समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी. एकीकडे खत कारखान्याची चिमणी, दुसरीकडे कोळीवाडा आणि बंदर. मामाचा जुना ट्रक मासळी घेऊन मुंबईला जातो. आदल्या संध्याकाळी त्याचा डिझेल फिल्टर आणि एक गळका पाईप बदलला होता. पहाटे चारला बर्फात भरलेल्या पेट्या चढवून झाल्या आणि गाडी काही सुरू होईना. मामा सेल्फ मारतोय, इंजिन नुसतं घुमतंय, बॅटरी मंद होत चाललीय आणि बर्फाचं पाणी फळीतून टपकतंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. डिझेल सायकलच्या एफिशियन्सीचं डेरिव्हेशन मला झोपेत विचारलं तरी येतं. पण त्या पहाटे ते काय कामाचं?

शेवटी बोटीचं इंजिन सांभाळणारे एक काका बंदरावरून आले. त्यांनी काहीही उघडून बघितलं नाही. गाडीने हवा धरलीय एवढं सांगून पाना मागितला. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल केला आणि फीड पंपाला असलेला छोटा हातपंप दाबायला लागले. सुरुवातीला नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. धार आल्याबरोबर स्क्रू घट्ट. तेच काम पुढे इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. मग नोजलकडे जाणाऱ्या पाईपांचे नट थोडे थोडे सैल केले, हात लांब ठेवले आणि मामाला दहा-दहा सेकंद सेल्फ मारायला लावला. एकेका नटातून डिझेल उसळलं तसा तो नट आवळला. पुढच्या सेल्फला इंजिन दोनदा खोकलं, पांढरा धूर सोडला आणि लागलं. सगळा कार्यक्रम वीस मिनिटांचा!

कारण साधं आहे. डिझेल दाबलं जात नाही म्हटलं तरी चालेल, हवा मात्र दाबली जाते. पाईपात बुडबुडा असला की पंपाचा प्रत्येक स्ट्रोक तो बुडबुडा आवळण्यातच खर्च होतो. नोजलची सुई उचलायला साधारण दोनशे बार दाब लागतो, तिथपर्यंत तो पोचतच नाही. सुई उचलली नाही तर फवारा नाही, फवारा नाही तर इंजिन नाही. हे सगळं मी फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलो होतो, फक्त ते ट्रकला लावलं नव्हतं.

हॉस्टेलवर परतल्यावर ज्या माणसाचं नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो त्याचं चरित्र मिळवून वाचलं. आणि गंमत बघा, हवेशी झुंजण्यातच त्या माणसाची उमेदीची वर्षं गेली होती.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. पैशाची ओढाताण होती. बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आलं. ते गृहस्थ गणित शिकवायचे. परक्या घरी राहून, शिष्यवृत्तीच्या आधारावर शिकत हा मुलगा म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये पोचला आणि १८८० मध्ये अत्युच्च गुण मिळवून बाहेर पडला. घरापासून लांब राहून शिकणं काय असतं हे हॉस्टेलच्या मुलांना सांगायला नको.

तिथे त्याला शिकवायला कार्ल फॉन लिंडे होते, रेफ्रिजरेशनच्या पुस्तकात भेटणारे तेच. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्क्यांचं काम करतं आणि बाकी सगळी वाया जाते, हे लिंडेंच्या वर्गात त्याच्या मनात रुतून बसलं. आपणही वर्गात असंच काहीतरी ऐकतो, वहीत उतरवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. डिझेल विसरला नाही. पुढे दहा वर्षं त्याने लिंडेंच्या कंपनीत बर्फाच्या यंत्रांवर नोकरी केली आणि उरलेल्या वेळात इंजिनाचा ध्यास धरला. अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवण्याच्या प्रयत्नात स्फोट झाला आणि त्याला इस्पितळात पडून राहावं लागलं.

त्यानंतर त्याला जी कल्पना सुचली ती आज पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक आहे. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की दाबल्यामुळेच रसरशीत तापेल, आणि मग त्यात इंधन सोडायचं. ठिणगीची गरजच नाही. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं. ऑग्सबर्गच्या कारखान्याने प्रयोगाला जागा दिली. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली तेव्हा इंधन पेटलं खरं, पण असा दणका बसला की दाब मोजणारं इंडिकेटर फुटून तुकडे उडाले. इंजिन स्वतःच्या जोरावर चाललं नाही, पण नुसत्या दाबलेल्या हवेत इंधन पेटतं हे सिद्ध झालं. १७ फेब्रुवारी १८९४ ला ते पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरलं. किती वेळ? सुमारे एक मिनिट! आपण असतो तर प्रोजेक्ट फेल म्हणून रिपोर्ट लिहून मोकळे झालो असतो. तो आणखी तीन वर्षं त्याच इंजिनाशी झगडला. १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी रीतसर चाचणी घेतली. इंजिन सुमारे वीस अश्वशक्तीचं, उंची तीन मीटर, आणि एफिशियन्सी २६.२ टक्के. वाफेच्या दहा टक्क्यांपुढे हा आकडा म्हणजे क्रांतीच होती.

आता मुद्द्यावर येतो. कोंडलेल्या त्या तापलेल्या हवेत इंधन घुसवायचं कसं? डिझेलने आधी थेट पंपाने इंधन मारून पाहिलं. तेवढ्या दाबाला, तेवढ्या अचूकपणे मोजून तेल देणारा पंप त्या काळात बनेना. नाइलाजाने त्याने हवेचीच मदत घेतली. वेगळ्या कॉम्प्रेसरने हवा दाबायची आणि तिच्या झोतासोबत तेल सिलिंडरमध्ये फुंकायचं. म्हणजे आपल्या ट्रकमध्ये जी हवा इंधनाच्या वाटेतली शत्रू ठरते, तीच त्याच्या इंजिनात इंधनाची वाहक होती. पण हा कॉम्प्रेसर अवजड, खर्चिक आणि इंजिनाची ताकद खाणारा. कारखान्यात चाललं, जहाजात चाललं, १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं जहाज महासागरात उतरलं. ट्रकच्या बॉनेटखाली मात्र ते मावणार नव्हतं.

शिवाय प्रयोगशाळेतलं इंजिन वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या दारातलं वेगळं. सुरुवातीला विकलेली इंजिनं वारंवार बंद पडू लागली, तक्रारी आल्या. टीकाकारांनी त्याच्या मूळ सिद्धान्तातल्या चुका दाखवल्या, आणि त्यातल्या काही बरोबरही होत्या. प्रत्यक्षात चाललेलं इंजिन त्याने कागदावर मांडलेल्या इंजिनापेक्षा बरंच वेगळं होतं. पेटंटचे लाखो मार्क मिळाले, म्युनिकमध्ये आलिशान घर झालं, पण पैसा जमिनीच्या व्यवहारांत आणि इतर गुंतवणुकीत बुडाला. अतिश्रमाने प्रकृतीही ढासळली.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्पहून इंग्लंडला जाण्यासाठी तो ड्रेस्डेन नावाच्या बोटीत चढला. सोबत्यांबरोबर जेवला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून केबिनकडे गेला. सकाळी केबिन रिकामी होती, बिछान्यावर कुणी झोपलेलं नव्हतं. डेकवर त्याची टोपी आणि कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचं मुलाने ओळखलं. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. वय होतं ५५.

त्याच्या मृत्यूनंतर दहाएक वर्षांनी, १९२४ च्या सुमारास, जर्मनीत डिझेल ट्रक आले. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून छोटा, अचूक इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला आणि तो अवजड कॉम्प्रेसर कायमचा गेला. इकडे महाराष्ट्रात १९३० च्या दशकात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने डिझेल इंजिन बनवलं, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि शेतातल्या विहिरीवर इंजिनाची फटफट ऐकू येऊ लागली. डिझेलला जो पंप जमला नाही तो दुसऱ्यांनी पुरा केला. त्या पंपाने मात्र एक अट घातली: माझ्या वाटेत हवेचा थेंबभर बुडबुडाही चालणार नाही. थळच्या काकांनी हातपंप दाबून पाळली ती हीच अट.

जाता जाता वर्कशॉपमध्ये हौस करणाऱ्यांना एक सूचना. नोजलचे नट सैल करण्याची ही रीत जुन्या पंपाच्या गाड्यांची. आताच्या कॉमन रेलमध्ये दाब सोळाशे बार आणि त्याहून जास्त असतो. तिथली धार कातडीत घुसते, चालू इंजिनावर तिथे पाना लावायचा नाही. त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीनेच हवा काढायची.

त्या दिवशी मामाचा ट्रक उजाडायच्या आत निघाला, मासळी वाचली. मी बंदरावर काकांबरोबर चहा प्यायलो. समोर खांदेरीच्या दिव्याची उघडझाप चालू होती आणि एकामागून एक बोटी धडधडत बाहेर पडत होत्या. प्रत्येकीच्या पोटात त्या समुद्रात हरवलेल्या माणसाचं इंजिन. डेरिव्हेशन मी आजही करतो, मार्क त्याचेच मिळतात. पण आता फॉर्म्युला लिहिताना पुढचा प्रश्न आपोआप पडतो: हे बंद पडलं तर पहिला स्क्रू कुठला सैल करायचा? वर्कशॉपमधल्या मामांना एकदा विचारून बघा. ते नक्की सांगतील.