स्त्रियांचे डॉक्टर शिरोडकर

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरकीतले मला काय कळणार, असे कोणास वाटेल. पण हा विषय बाईनेच बायकांपुढे मांडावा असा आहे.

माझ्या सासूबाईंचे अंग बाहेर येत असे. चौथ्या बाळंतपणानंतर पुरती विश्रांती न घेताच त्या पाण्याचे हंडे उचलू लागल्या आणि तेव्हापासून हे दुखणे मागे लागले. पुढे कित्येक वर्षे त्यांनी ते कोणास सांगितले नाही. कापडाची घडी घट्ट बांधून त्या विड्या वळावयास बसत. लग्नकार्यास जाणे त्यांनी सोडले, एस.टी.चा प्रवास सोडला. त्या तिरसट आहेत असे आम्ही सुना समजत होतो, याची मला आजही लाज वाटते. शेवटी दवाखान्यात नेले, तेव्हा शिरोडकरांचे नाव प्रथम माझ्या कानी पडले.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी शिरोडे येथे झाला. मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे वेंगुर्ल्याजवळचे. हे गोव्यातले, फोंडे तालुक्यातले, कामाक्षी देवीचे. तेव्हा तेथे पोर्तुगीजांचे राज्य होते. शिक्षणासाठी ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले, १९२३ साली डॉक्टर झाले आणि १९२७ साली एम.डी. झाले. पुढे विलायतेस जाऊन १९३१ साली त्यांनी शस्त्रक्रियेची मोठी परीक्षा दिली. परत आल्यावर ते आपल्या जुन्या कॉलेजात प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग हे विषय शिकवू लागले.

त्या काळी अंग बाहेर येण्यावर मँचेस्टर गावच्या डॉक्टरांनी बसविलेली शस्त्रक्रिया करीत. तीत पिशवीचे तोंड कापून काढावे लागे. ज्या बाईची मुले झाली आहेत तिचे एक वेळ ठीक. पण आपल्याकडे लहान वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणे, अपुरे अन्न आणि लगेच कष्टाचे काम, त्यामुळे विशी-पंचविशीतल्या मुलींनाही हा त्रास होई. तोंड कापले की पुढे दिवस राहणे कठीण, राहिले तरी टिकणे कठीण. मूल नाही म्हणून सासरी काय ऐकावे लागते ते मी सांगावयास नको. शिरोडकरांनी या मुलींचा विचार केला. तोंड न कापता आतले बंध आवळून पिशवी वर घेण्याची रीत त्यांनी काढली. दुसरी रीत आणखी नवलाची. बाईच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी काढावयाची, तिचे एक टोक पिशवीच्या तोंडाच्या मागील बाजूस व दुसरे पाठीच्या कण्याखालच्या हाडाशी शिवावयाचे. शिंक्यात मडके टांगावे तशी पिशवी टांगली जाते. नंतर मांडीतल्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत वापरू लागले.

जगभर त्यांचे नाव झाले ते मात्र एका टाक्यामुळे. काही बायकांचे गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यात पुनःपुन्हा पडतात, कारण पिशवीचे तोंड वेळेआधीच उघडते. बटव्याची नाडी ओढावी तसा त्या तोंडाभोवती टाका घालून त्यांनी ते बंद केले आणि १९५५ साली ही रीत छापून प्रसिद्ध केली. परदेशी डॉक्टर आजही त्यास शिरोडकर टाका असेच म्हणतात. कुटुंबनियोजनाच्या कार्यातही ते आरंभापासून होते. १९६० साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७१ साली पद्मविभूषण. त्याच वर्षी ७ मार्चला त्यांचे निधन झाले.

सासूबाईंचे वय झालेले, म्हणून त्यांची शस्त्रक्रिया निराळी, पिशवी काढण्याची होती. पण व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी एक गोष्ट समजावून दिली. शिंके कितीही मजबूत असले तरी खालचा आधारही हवा. आपल्या ओटीच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणात ती ताणली जाते. ती पुन्हा बळकट करण्याचा व्यायाम अमेरिकेतील डॉ. केगल यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरावा तसे आतून वर ओढावयाचे, जमेल तितके, हळूहळू दहा आकडे मोजेपर्यंत धरावयाचे, मग पूर्ण सैल सोडावयाचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये, मांड्या व कुल्ले आवळू नयेत, आणि लघवी करताना मधेच अडवून हा सराव करू नये. खोकला येण्याआधी किंवा बादली उचलण्याआधीही आवळून धरावे. फरक पडावयास तीन महिने लागतात.

शस्त्रक्रियेआधीच हे शिकून घेतलेले बरे. नंतर मात्र लघवीची नळी निघून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करावे. निदान सहा आठवडे जड उचलू नये, मलावरोध होऊ देऊ नये. या व्यायामाने अंग पुन्हा खाली येणारच नाही अशी हमी कोणी देत नाही, तपासणीतही तसे सिद्ध झालेले नाही. थोडे खाली आले असेल तर त्रास कमी होतो आणि खोकताना लघवी सुटते ती पुष्कळ आटोक्यात येते. अंग पूर्ण बाहेर आले असेल तर नुसत्या व्यायामाने भागत नाही, डॉक्टरांकडे जावेच लागते.

आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत उभ्याने काम करणाऱ्या आणि नळाला पाणी आले की हंडे वाहणाऱ्या किती जणी कापडाची घडी बांधून वावरत असतील, देव जाणे. आमच्या सासूबाई दुपारी जपमाळ घेऊन बसतात. जप चालला आहे की व्यायाम हे आम्हांला ओळखता येत नाही. गेल्या गुरुवारी त्या कित्येक वर्षांनी एस.टी.ने अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनास गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि येताना नातवंडांसाठी पेढे घेऊन आल्या.