राजा दुसरा पुलकेशी आणि त्याच्या विजयाची शिळा

उत्तरेकडील हर्ष राजाचे नाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ऐकले असेल. परंतु त्या हर्षाला नर्मदेवर ज्याने अडविले, त्या दुसऱ्या पुलकेशीचे चरित्र पुष्कळांस ठाऊक नसते. शाहूपुरीत बसून आम्ही हा मजकूर लिहीत आहो; हा पंचगंगेकाठचा प्रदेशही त्या काळी त्याच्याच सत्तेखाली होता. म्हणून त्याची हकीकत येथे थोडक्यात देतो.

पुलकेशी हा चालुक्य घराण्यातला. त्याची राजधानी वातापी, म्हणजे कर्नाटकातील हल्लीचे बदामी. बाप कीर्तिवर्मा वारला तेव्हा पुलकेशी अज्ञान होता, म्हणून चुलता मंगलेश राज्य चालवू लागला. पुढे पुतण्या वयात आला, तरी चुलत्याच्याने गादी सोडवेना. ती आपल्याच मुलास मिळावी असे त्याने मनात आणिले. मग घरातच युद्ध पेटले. त्यात मंगलेश प्राणास मुकला आणि सन ६१० च्या सुमारास पुलकेशी राजा झाला. दुसऱ्याचा वाटा दडपावयास निघालेल्याचे स्वतःचेही काही उरले नाही.

ह्या भाऊबंदकीने राज्य खिळखिळे झाले होते. ती संधी साधून अप्पायिक व गोविंद असे दोघे भीमेच्या उत्तरेकडून चालून आले. अप्पायिक पळून गेला. गोविंदाला मात्र पुलकेशीने स्नेहाने आपलासा करून घेतले. मग त्याने बनवासीचे कदंब नमविले आणि आरमार नेऊन कोकणच्या मौर्यांची समुद्रावरील पुरी नगरी घेतली. लाट, माळवा व गुर्जर येथील राजेही त्यास वश झाले. सन ६१८ च्या सुमारास खुद्द हर्षाला त्याजपुढे माघार घ्यावी लागली. ९९,००० गावांची तीन महाराष्ट्रके त्याच्या ताब्यात आली, असे त्याच्या लेखावरून कळते. पूर्व किनाऱ्यावरील वेंगीचा सुपीक मुलूख जिंकल्यावर तो त्याने आपला धाकटा भाऊ विष्णुवर्धन ह्याच्या हवाली केला. दक्षिणेस कांचीच्या पल्लव राजाला, म्हणजे महेंद्रवर्म्याला, त्याने तटाआड कोंडले.

हे सारे पराक्रम शके ५५६ मध्ये, म्हणजे सन ६३४-३५ त, ऐहोळे येथील मेगुती नावाच्या जैन मंदिराच्या भिंतीवर कोरले गेले. मंदिर बांधविणारा आणि लेख रचणारा एकच, रविकीर्ती कवी. त्याच सुमारास जगात इतरत्रही मोठे फेरफार चालले होते. सन ६३४ त अरबस्तानात अबू बक्र मरण पावून उमर खलीफा झाला आणि अरबांच्या फौजा सीरियात शिरल्या. सन ६३५ त आलोपेन नावाचा ख्रिस्ती उपदेशक पश्चिमेकडून चीनची राजधानी चांगआन येथे पोहोचला. हे पुढे सन ७८१ मध्ये तेथे उभारलेल्या शिळेवर लिहून ठेविले आहे. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग त्या वेळी उत्तर हिंदुस्थानात फिरत होता. सन ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. येथील लोक साधे, प्रामाणिक व मानी असून उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्यास दिसले.

परंतु अपमान न विसरणारे लोक कांचीतही होते. महेंद्रवर्म्याचा पुत्र नरसिंहवर्मा ह्याने सन ६४२ त वातापीवर स्वारी करून ती राजधानी घेतली. त्याच धामधुमीत पुलकेशीचा अंत झाला, असे इतिहासकार मानितात. विजेत्याने बदामीच्या खडकावर आपला लेख कोरविला. ऐहोळ्याची शिळा कोरून पुरती दहा वर्षेही झाली नव्हती, तोच तिच्या जवळच शत्रूच्या विजयाची दुसरी शिळा तयार झाली! पुढे सुमारे तेरा वर्षांनी पुलकेशीचा पुत्र विक्रमादित्य ह्याने राजधानी परत मिळविली. तथापि आठव्या शतकाच्या मध्यास राष्ट्रकूटांनी हे राज्य बुडविले.

मग पुलकेशीच्या कमाईतले अधिक काळ काय टिकले? वाचकहो, भावाला दिलेला तो वाटा. वेंगीस विष्णुवर्धनाच्या वंशाने चारशेहून अधिक वर्षे राज्य केले. जे जे पुलकेशीने मुठीत धरिले ते त्याच्या डोळ्यांदेखत निसटू लागले; जे मोकळ्या हाताने दिले ते त्याच्या घराण्याचे नाव राखून राहिले.

आमच्या गावोगावी हातभर बांधापायी भाऊ भावाचे तोंड पाहत नाही, आणि पोरक्या पुतण्याचे शेत चुलता आपल्या नांगराखाली घालितो. अशा घरी मंगलेशाची गोष्ट सांगावी, आणि तिच्या जोडीला वेंगीचीही सांगावी. शिळेवर कोरलेला विजय दुसऱ्या शिळेने पुसला जातो. पण भावाचा वाटा भावाला दिला, तर त्याचे फळ नातवंडेही खातात.