राणीने नाकारलेलं यंत्र : विणकामाला यंत्रावर चढवणारा विल्यम ली

बनियन, मोजे, टी-शर्ट, कानटोपी विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर 'होजिअरी' असं लिहिलेलं असतं. हा शब्द आला 'होज'वरून. होज म्हणजे पाय झाकणारे लांब मोजे. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये स्त्रिया आणि पुरुष दोघंही ते घालत आणि ते विणण्यावर असंख्य घरांची चूल पेटत असे. हे काम हातांकडून यंत्राकडे नेणारा पहिला माणूस म्हणजे विल्यम ली. त्याचं यंत्र फसलं नाही. उलट ते उत्तम चाललं आणि तीच त्याची अडचण झाली.

लीचा जन्म 1563 च्या सुमारास नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅलव्हर्टन गावी झाला. शिक्षण केंब्रिजला. पुढे तो गावच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक झाला, असं मानलं जातं. अशा माणसाने यंत्राच्या नादी का लागावं? याच्या दोन गोष्टी सांगतात. एकीनुसार त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती मुलगी तो भेटायला गेला की विणकामातून मान वर करत नसे, म्हणून त्याने रागाने तिचं विणकामच यंत्राला देऊन टाकलं. दुसरीनुसार त्याची बायको घर चालवण्यासाठी रात्र रात्र मोजे विणत बसायची आणि ते त्याला बघवेना. दोन्हींना पुरावा नाही. दुसरी गोष्ट मात्र त्या काळाला जास्त शोभते, कारण विणकाम तेव्हा खरोखरच गरिबाघरचा आधार होता.

फक्त मोजेच नाहीत, टोप्याही विणल्या जात. लोकरीची टोपी आधी मोठी आणि सैल विणायची, मग ओली करून तुडवायची, कुटायची. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओलावा, ऊब आणि घर्षण मिळालं की हे खवले एकमेकांत अडकतात, टोपी आटते, टाके दिसेनासे होतात आणि जाड, पाणी सहज न शिरणारं कापड तयार होतं. (स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की तो लहान मुलाच्या मापाचा होतो, त्यामागचं कारण हेच. हौशी मंडळी आज लोकरीची छोटी पिशवी विणून मुद्दाम अशी आटवतात.) या टोपीवाल्यांचा धंदा फॅशन बदलल्याने बसायला लागला, तेव्हा 1571 मध्ये संसदेने कायदाच केला. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडमध्ये बनलेली लोकरीची टोपी घालायची, नाहीतर दंड! बड्या लोकांना अर्थातच सूट होती. राणी होती पहिली एलिझाबेथ.

हे लक्षात ठेवलं की पुढचं समजतं.

1589 मध्ये लीचं यंत्र तयार झालं. त्यामागची कल्पना साधी वाटते, पण ती आधी कुणाला सुचली नव्हती. हाताने विणताना सगळे टाके एकाच सुईवर असतात आणि एकेक टाका करत ओळ पुरी होते. लीने प्रत्येक टाक्याला स्वतःची सुई दिली. या सुयांची टोकं आकड्यासारखी मागे वळलेली होती. ओळीने लावलेल्या सुयांवर धागा आडवा टाकायचा, पातळ पट्ट्यांनी तो सुयांच्या मधे दाबायचा, की प्रत्येक सुईपाशी एक फास तयार होतो. हे फास आकड्यांत घ्यायचे, वरून एक दांडी दाबून सगळे आकडे मिटवायचे आणि आधीची ओळ त्यांच्यावरून पुढे सरकवून सोडायची. झाली नवी ओळ! कारागीर हे सगळं हातापायांनी चालवायचा. मागावर ताणा-बाणा असतो, इथे मात्र एकच धागा फासात फास अडकवत पुढे जातो, म्हणून कापड ताणलं जातं आणि पायावर नीट बसतं.

राणीचा नातेवाईक लॉर्ड हन्सडन याने लीची बाजू उचलून धरली. राणीने यंत्र पाहिलं आणि मक्तेदारीचा परवाना नाकारला, असं सांगतात. कारणं दोन सांगितली जातात. एक, यंत्रावर निघणारे मोजे जाडेभरडे लोकरीचे होते आणि राणीला रेशमी मोज्यांची सवय लागली होती. दुसरं, विणकामावर जगणारे गरीब लोक भिकेला लागतील, ही भीती. टोप्यांसाठी कायदा करणाऱ्या राजवटीला ही भीती वाटणं स्वाभाविक होतं.

लीने पहिल्या कारणावर उपाय शोधला. त्याच्या पहिल्या यंत्रात इंचाला 8 सुया होत्या. अनेक वर्षं खपून त्याने त्या 20 वर नेल्या आणि रेशमी मोजे विणून दाखवले. पण दुसरं कारण यंत्र जितकं सुधारेल तितकं मोठंच होत जाणार होतं. परवाना मिळाला नाही. 1600 मध्ये जॉर्ज ब्रुक हा भागीदार मिळाला, तर तो पुढे राजाविरुद्धच्या कटात सापडला आणि 1603 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. नवा राजा पहिला जेम्स यानेही लीला दाद दिली नाही.

मग ली भाऊ जेम्स, काही कारागीर आणि यंत्रं घेऊन फ्रान्सला गेला. रुआँ शहरात काम सुरू झालं. चौथा हेन्री हा राजा त्याला अनुकूल होता, पण 1610 मध्ये हेन्रीचा खून झाला आणि तोही आधार गेला. 1614 च्या सुमारास ली पॅरिसमध्ये वारला. त्याने यंत्र केलं तेव्हा तो पंचविशीत होता. उरलेलं आयुष्य त्यासाठी आश्रयदाता शोधण्यात गेलं.

जेम्स बहुतेक यंत्रं घेऊन इंग्लंडला परतला. पुढे धंदा वाढला, 1657 मध्ये क्रॉमवेलने यंत्रावर विणणाऱ्यांच्या संघटनेला सनद दिली आणि लीच्याच मुलखात, नॉटिंगहॅमच्या आसपास, घराघरांत ही यंत्रं लागली. ज्यांचं पोट जाईल अशी भीती होती, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांचं पोट आता यंत्रावर भरू लागलं.

पण 1811 मध्ये याच भागातले कारागीर रात्री हातोडे घेऊन बाहेर पडले आणि यंत्रं फोडू लागले. हेच ते लडाइट. त्यांचा राग यंत्र असण्यावर नव्हता, ते तर त्यावरच जगत होते. मालक मजुरी पाडत होते आणि रुंद कापड कापून, शिवून स्वस्त, तकलादू मोजे काढत होते, यावर तो राग होता. 1812 मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठरवणारा कायदा आला. लॉर्ड्स सभागृहात त्याला विरोध करणारा एक तरुण कवी होता लॉर्ड बायरन. सभागृहातलं त्याचं ते पहिलंच भाषण. त्याचं घर नॉटिंगहॅमशायरमध्येच, कॅलव्हर्टनपासून काही मैलांवर होतं.