जखमेच्या पट्टीतून लागलेला शोध

जखमेत पू झाला की आपण तोंड फिरवतो. पण याच पुवातून एका तरुणाने फार मोठा शोध लावला. त्यांचे नाव फ्रीडरिश मीशर.

मीशर यांचा जन्म १८४४ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात झाला. वडील डॉक्टर होते. मुलगाही डॉक्टर झाला. पण त्याला कमी ऐकू येई. मग रोग्याची छाती तपासायची कशी? म्हणून मीशर यांनी दवाखाना सोडून प्रयोगशाळेची वाट धरली.

१८६८ साली ते जर्मनीत ट्यूबिंगेन येथे होप्पे-सायलर या नामवंत शास्त्रज्ञांकडे गेले. तुम्हांला गंमत वाटेल, त्यांची प्रयोगशाळा एका जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात होती! त्यांना शरीरातील लसिका पेशींचा अभ्यास करायचा होता. पण त्या पुरेशा मिळेनात. तेव्हा ते इस्पितळातून जखमांच्या वापरलेल्या पट्ट्या आणू लागले. सडलेल्या पट्ट्या ते टाकून देत. उरलेल्या धुऊन पुवातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करत. १८६९ साली या पेशींच्या केंद्रकात त्यांना एक नवा पदार्थ सापडला. पाचकरसाने प्रथिने विरघळतात, हा विरघळेना. त्यात फॉस्फरसही भरपूर होता. मीशर यांनी त्याला न्यूक्लिन हे नाव दिले.

गुरूंचा मात्र विश्वास बसेना. त्यांनी सारे प्रयोग स्वतः पुन्हा केले. लेख छापून आला तो १८७१ साली. विचार करा, तुम्ही इतके थांबला असता का?

पुढे बाझेलमध्ये प्राध्यापक असताना मीशर यांनी ऱ्हाइन नदीतील सामन माशांवर काम केले. पदार्थ खराब होऊ नये म्हणून ते कडाक्याच्या थंडीत, गार खोलीत राबत. शेवटी क्षयाने त्यांना गाठले. १८९५ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते वारले. न्यूक्लिनचे खरे काम काय, हे त्यांना कळलेच नाही.

आज आपण अशा पदार्थांना न्यूक्लिक आम्ले म्हणतो. डीएनए आणि आरएनए हे त्यांचे दोन प्रकार. काही आरएनए प्रथिने बनवण्याचा निरोप नेतात. काही मात्र असा निरोप नेत नाहीत. ते दुसऱ्यांच्या कामावर लगाम ठेवतात. त्यांतल्या अगदी छोट्यांना मायक्रो आरएनए म्हणतात. त्यांच्या शोधाला २०२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लगाम सुटला तर रोग होऊ शकतो. रक्ताच्या एका कर्करोगात असे दोन मायक्रो आरएनए बऱ्याच रोग्यांत नाहीसे किंवा कमी झालेले असतात, असे २००२ साली दिसून आले.

हा कर्करोग लसिका पेशींचा आहे. मीशर यांना सुरुवातीला हव्या होत्या आणि मिळाल्या नव्हत्या, त्या याच पेशी.