मताविना अंदाजपत्रकाची झडती

26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पस्तीस वर्षांचा एक सभासद अंदाजपत्रकावर बोलावयास उभा राहिला. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी मांडलेले अंदाजपत्रक शिलकी होते, आणि शिलकीचे हे सलग चौथे वर्ष होते. सरकारचे अभिनंदन करून खाली बसावे, असा तेव्हाचा शिष्टाचार. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तो मोडला. दुष्काळाने पिचलेल्या देशाच्या तिजोरीत शिल्लक पडते ती भरभराटीमुळे नव्हे, गरजेहून अधिक कर घेतल्यामुळे पडते, हे त्यांनी त्या दिवशी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले.

1892 च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली होती. ठराव मांडण्याची वा मत देण्याची नव्हे. एक पैसाही कमी करण्याचा अधिकार नसलेल्या सभागृहात गोखल्यांनी जवळजवळ तेरा वर्षे अंदाजपत्रकाची झडती घेतली. आज छत्तीसगड विधानसभेच्या 90 सदस्यांना प्रत्येक खात्याच्या अनुदानाची मागणी कमी करण्याचा किंवा फेटाळण्याचा अधिकार आहे. तरीही देशातील बहुतेक विधानसभांत पुष्कळशा मागण्या चर्चेविना, अखेरच्या दिवशी एकगठ्ठा संमत होतात. भिलाईत बसून गोखल्यांचे चरित्र पुन्हा वाचावेसे वाटते ते यामुळे.

त्यांचा जन्म 9 मे 1866 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. कागल व कोल्हापूर येथे शिक्षण, 1884 मध्ये एल्फिन्स्टनची पदवी, नंतर पुण्यात अध्यापन. गणित शिकविता शिकविता त्यांनी अंकगणिताचे एक पाठ्यपुस्तकही सिद्ध केले. खरे शिक्षण मात्र न्यायमूर्ती रानड्यांकडे झाले. सरकारी अहवाल कसा वाचावा, बेरजेमागचे धोरण कसे हुडकावे, हे रानड्यांनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षे घोटून घेतले. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक ही त्याची कार्यशाळा होती.

1897 मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देताना त्या तालमीचा कस लागला. साक्ष उत्तम झाली. त्याच मुक्कामात पुण्यातील प्लेगबंदोबस्ताच्या तक्रारींवर विसंबून त्यांनी काही विधाने केली. परतल्यावर पुरावा उभा राहीना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. टीका प्रखर झाली. पुढे त्यांच्या भाषणांत पुराव्यावाचून एकही आकडा आढळत नाही, त्याचे मूळ मला या प्रसंगात दिसते.

आता 1902 चा युक्तिवाद. विलायतेत द्यावयाचा खर्च पौंडांत असे आणि महसूल रुपयांत. 1894-95 मध्ये रुपयाचा भाव तेरा पेन्सांच्या आसपास घसरला होता. एका पौंडासाठी सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही खोट भरून काढण्यासाठी जे कर वाढले, त्यांत मिठावरील कर होता: 1888 मध्ये तो मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे भाव सोळा पेन्सांवर स्थिरावला, म्हणजे पौंड पंधरा रुपयांना मिळू लागला. दर कोटी पौंडांमागे सुमारे साडेतीन कोटी रुपये वाचू लागले. कारण संपले, कर मात्र राहिला. तीच शिल्लक. ज्या मध्य प्रांतात आपला दुर्ग-रायपूरचा मुलूख मोडत होता, त्याची लोकसंख्या 1891 आणि 1901 च्या शिरगणतींदरम्यान दोन दुष्काळांनी घटली होती. तेथील शेतकरीही मिठाचा तोच वाढीव कर भरत होता.

1903 मध्ये मिठाचा कर दोन रुपये झाला, 1905 मध्ये दीड, 1907 मध्ये एक रुपया. प्राप्तिकराची सूटमर्यादाही 1903 मध्येच पाचशेवरून हजारावर गेली. याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. सरकारची स्वतःची कारणे होती. पण शिल्लक म्हणजे सुशासनाचे प्रमाणपत्र, हा समज त्यानंतर तसा टिकला नाही.

या कामात त्यांचा एक सहकारी फारसा कोणाला आठवत नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. आकडेवारीवर त्यांची हुकमत विलक्षण होती. वेल्बी साक्षीपासून अंदाजपत्रकी भाषणांपर्यंत गोखले त्यांच्याकडून टिपणे आणि तपासण्या मागवीत. 1911 मध्ये जोशी वारले. आजच्या आमदाराला वाहन मिळते, निधी मिळतो. असा जोशी मिळत नाही.

खात्यांच्या खर्चाबाबत गोखल्यांचा रोख दोन ठिकाणी असे: लष्कर आणि रेल्वे. महसुली शिल्लक रेल्वेच्या भांडवलात घालू नये; ते काम कर्जातून व्हावे आणि रयतेकडून आलेला पैसा शिक्षण व आरोग्य यांवर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे. ज्या गावी देशाच्या रेल्वेचे रूळ घडतात तेथून हे लिहिताना थोडी गंमत वाटते. पण त्यांचा विरोध रुळांना नव्हता, पैसा कोठून काढला याला होता.

1909 च्या सुधारणांनी ठराव व मतदान आले. जानेवारी 1911 मध्ये त्यांनी वाढत्या सार्वजनिक खर्चाच्या चौकशीची मागणी केली. त्याच वर्षी मार्चमध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सक्तीचा प्रयोग निवडक क्षेत्रांपुरता होता, आणि वाढीव खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी व दोन तृतीयांश सरकारने उचलावा, असा हिशेबही त्यांनी मांडला होता. मार्च 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. मताचा अधिकार मिळाला तेव्हा बहुमत सरकारी बाकांकडे होते.

फेब्रुवारी 1915 मध्ये मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांच्या विनंतीवरून त्यांनी सुधारणांचा एक आराखडा पेन्सिलीने लिहून काढला. प्रांतांना आर्थिक स्वायत्तता असावी, प्रांतिक करांत बदल करण्यास कायदेमंडळाची संमती लागावी, आणि अंदाजपत्रकावरील त्याचे ठराव गव्हर्नरने नाकारले नाहीत तर अमलात यावेत, अशी त्याची कलमे होती. 19 फेब्रुवारीला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते पुण्यात निवर्तले. तो आराखडा 1917 मध्ये आगाखानांनी लंडनमध्ये प्रसिद्ध केला.