नवसागर, टाकणखार आणि फोमची आग: गे-ल्युसॅक यांची गोष्ट

गेवराई-माजलगावकडे वेचणीच्या दिवसांत घरात कापसाचा ढीग असला की तिथे कुणी विडी पेटवत नाही. कापूस कसा भडकतो, हे बीडकरांना सांगायला नको. आता त्याच घरांत सोफा-गाद्यांचा फोम आलाय. तो पेटला तर वितळून जळते थेंब गळतात आणि विषारी धूर होतो. फोम कमी पेटावा म्हणून जे नॅनो लेप तयार होतायत, त्यांच्यामागचं तत्त्व मात्र दोनशे वर्षं जुनं आहे.

जोसेफ लुई गे-ल्युसॅक म्हणजे शाळेत वायूंच्या नियमात भेटतात तेच. जन्म फ्रान्समधला, ६ डिसेंबर १७७८चा. राज्यक्रांतीच्या धामधुमीत वडिलांना अटक झाली. पुढे पॅरिसला शिकून ते रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यांचे सहायक झाले. माणूस भलताच धाडसी! १८०४ मध्ये हवेचे नमुने घ्यायला एकटेच बलूनमधून सुमारे ७,००० मीटर वर गेले. १८०८ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात डोळे जाता जाता वाचले. पुढच्या वर्षी लग्न केलं, ते कापडाच्या दुकानात रसायनशास्त्राचं पुस्तक वाचत बसलेल्या मुलीशी, असं सांगतात.

तेव्हा नाटकगृहांत उघड्या ज्योतींचा उजेड असायचा आणि पडदे पेटायचे. राजा अठरावा लुई यांनी उपाय शोधायला सांगितलं. गे-ल्युसॅक यांनी कापडं वेगवेगळ्या क्षारांच्या पाण्यात बुडवून, वाळवून जाळून पाहिली. १८२१ मध्ये निष्कर्ष मांडला: एक तर क्षार वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरावा, नाहीतर त्यातून न जळणारी वाफ निघावी. कल्हईवाल्याचा नवसागर आणि सोनाराचा टाकणखार एकत्र केले की चांगलं जमत होतं. अडचण एकच, पण मोठी: हे क्षार पाण्यात विरघळतात. कापड धुतलं की संरक्षण गेलं.

९ मे १८५० रोजी ते वारले. फोम ज्यापासून बनतो ते पॉलियुरेथेन यायला अजून ८७ वर्षं होती.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या गटाने फोम आलटून पालटून दोन द्रावणांत बुडवला. एकात कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणारं कायटोसान, दुसऱ्यात चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण, म्हणून थर चिकटतात. अशा १० जोड्यांची जाडी फक्त ३० नॅनोमीटर भरली, केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तरी जळतानाची सर्वाधिक उष्णता निम्म्यावर आली. मातीचं कवच आच अडवतं, म्हणजे गे-ल्युसॅक यांचा पहिला मार्गच. आणि प्रश्नही त्यांचाच: रोज दबणाऱ्या, घाम पिणाऱ्या गादीत हा लेप किती वर्षं टिकेल?